बोलण्यावर नंबर

"फोन वाजतोय, आणि या घरात सगळ्यांचे कान काय गहाण पडलेत?"

वहिनी हे मोठ्यानं म्हणाल्या नाहीत. कांदा चिरता चिरता कांद्यालाच सांगावं तशा पुटपुटल्या. पण त्यांचा नवरा त्या वेळी हातभर अंतरावर, दुरुस्तीला आलेल्या एका सोफ्याखाली उताणा पडला होता, आणि दुकान नि स्वयंपाकघर यांच्यामध्ये त्या घरात फक्त एक पडदा होता. त्याला शब्द न् शब्द ऐकू आला. ऐकू आल्यावर त्यानं काय केलं? शेजारच्या डबीतून चिमूटभर बारीक खिळे उचलले आणि तोंडात टाकले.

सोफे बांधणाऱ्यांची ही जुनी सोय आहे. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातानं कापड ताणून धरलेलं, मग खिळे ठेवायचे कुठे? तर ओठांत. जिभेनं एकेक पुढे सरकवायचा आणि ठोकायचा. सगळी गल्ली त्याला कारागीर म्हणायची ती काही उगाच नाही. त्याच्या हातच्या खुर्चीत बसलेला पाहुणा लवकर उठत नसे. पण हल्ली त्याच्या तोंडात खिळे जायची वेळ आणि फोन वाजायची वेळ यांचं गोत्र एक झालं होतं. तोंडात खिळे असलेला माणूस फोनवर बोलू शकत नाही, हे कुणालाही पटण्यासारखं आहे.

"अहो, फोन!"

"उम् उम्," सोफ्याखालून उत्तर आलं.

"खिळे आहेत होय? बरं. आप्पा, तुम्ही घेता का?"

आप्पा म्हणजे कारागिराचे वडील. ते खिडकीशी पेपर वाचत होते. फोनची पहिली घंटा झाली की त्यांच्या कानातल्या यंत्रात हटकून धूळ जायची. ते काढून, फुंकर मारून, सदऱ्याच्या टोकानं पुसावं लागे. "मला काही ऐकू येत नाहीये सूनबाई, यंत्र पुसतोय," असं ते म्हणाले. पण म्हणाले मात्र प्रश्न विचारल्याबरोबर.

"बबडे?"

बबडी म्हणजे लेक. कॉलेजात हिशेबाचं शिक्षण घेत होती. न्हाणीघरातून उत्तर आलं नाही, फक्त नळ आणखी मोठा झाल्याचा आवाज आला. ही मुलगी अलीकडे इतक्या वेळा आंघोळ करत होती की एखाद्याला वाटावं, कोळशाच्या खाणीत कामाला जाते.

मग वहिनींनी हात पुसले आणि फोन घेतला. नेहमीप्रमाणे.

या घरावर चार कर्जं होती, आणि एकही चैनीचं नव्हतं. आप्पांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं बिल हे पहिलं. दुसरं, एका हॉटेलनं अख्ख्या हॉटेलच्या खुर्च्या नव्यानं मढवायला सांगितल्या, कारागिरानं कर्ज काढून फोम आणला, रेक्झिन आणलं, जाड शिलाईची मोठी मशीन आणली, आणि खुर्च्या पोचवल्या त्याच आठवड्यात हॉटेलनं दाराला कुलूप घातलं. तिसरं, त्या हॉटेलची वाट बघत घर चालवलं त्या क्रेडिट कार्डाचं. चौथं सगळ्यात छोटं, थकलेल्या फ्रिजच्या हप्त्यांचं. ज्यांचे पैसे होते त्यांनी वाट पाहून पाहून ही कर्जं वसुली करणाऱ्या एजन्सींकडे सोपवली होती. चार कर्जं, चार एजन्सी, आणि चौघांकडेही दुकानाचा तो एकच नंबर.

वहिनींनी चौघांनाही आवाजावरून नावं ठेवली होती. ऑपरेशनवाला बोलण्याआधी खोकायचा, तो खोकल्या. कार्डवाला प्रत्येक वाक्यानंतर असा उसासा सोडायचा की जणू त्याच्याच घरातले पैसे गेलेत, त्याचं नाव सुस्कारे. फ्रिजवाली पोरगी मधासारखं बोलायची, ती मैना. आणि मशीनच्या कर्जाचा जो होता, सगळ्यात मोठ्या रकमेचा, तो फोनवर बोलत नसे, खेकसत असे. त्याचं नाव खेकश्या.

आज खेकश्याच होता. पडद्यापलीकडून त्याचा आवाज कारागिराला सोफ्याखालीसुद्धा ऐकू आला, आणि एक खिळा जवळजवळ घशात गेला.

"पैसे कधी देताय? मशीन उचलून नेऊ काय?" 

"आधी श्वास घ्या," वहिनी म्हणाल्या. "एवढं ओरडून तुमचा घसा बसला तर उद्या कुणाशी बोलू मी? हां. आता सांगा."

काय बाई आहे, कारागिराला वाटलं. काय ही बाई आहे! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या फोनवरच्या बोलण्याचं त्याचं कौतुक संपत नसे. खिळे तोंडात नसते तर त्यानं तसं सांगितलंही असतं.

त्याच संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. नाट्यगृहाच्या खुर्च्या मढवल्याचे पैसे आले होते. ते त्यांनी बिस्किटांच्या डब्यात घालून मधोमध ठेवले आणि म्हणाल्या, "हे एवढे आहेत. चौघांना पुरणार नाहीत. आधी कुणाचे द्यायचे, ते ठरवा."

"मोठं आधी," कारागीर म्हणाला. "दुकानात जागा करायची तर मी आधी मोठा सोफा बाहेर काढतो. स्टुलं उचलून काय जागा होते?"

"वयानं ठरवावं," आप्पा म्हणाले. "ज्याचं आधी घेतलं त्याचं आधी द्यावं. मानपान म्हणून काही आहे की नाही?"

"म्हणजे तुमच्या गुडघ्याचं आधी," कारागीर म्हणाला.

"मी गुडघ्याचं नाव घेतलं?"

"आजोबा, बाबा, दोघंही चूक," बबडी केस पुसत म्हणाली. "ज्याचं व्याज जास्त ते आधी. कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात. कार्डाचं व्याज बघा, घोड्यावर बसून पळतंय."

तिघं भांडले. कारागिरानं सोफा सोडला नाही, आप्पांनी मानपान सोडला नाही, बबडीनं कागदावर इतके आकडे मांडले की भाजी गार झाली. वहिनींनी तिघांचं ऐकून घेतलं, आणि मग डब्याचं झाकण लावून म्हणाल्या, "माझं एक ऐका. तुम्ही कुणी त्या लोकांशी बोलत नाही, मी बोलते. खरं की नाही?"

सगळ्यांनी आपापल्या ताटात पाहिलं.

"मग नंबर मी लावणार. जो नीट बोलेल त्याचे आधी. जो वेडंवाकडं बोलेल तो मागे."

"अगं, असं कुठं असतं?" कारागीर म्हणाला.

"नसेल. उद्यापासून असेल."

आणि तसंच झालं. वहिनींनी हा नियम लपवून ठेवला नाही, दुसऱ्या दिवशी ज्याचा फोन आला त्याला शांतपणे सांगून टाकला. "हे बघा, पैसे सगळ्यांचे द्यायचेत. बुडवायचा कुणाचाच विचार नाही. पण आमच्याकडे रांग आहे. बोलण्यावर नंबर लागतो. आज तुम्ही तिसरे आहात."

खोकल्या खोकायचा विसरला. "आणि पहिलं कोण आहे?"

"आहे एक मैना."

सुस्कारेंनी लांब सुस्कारा सोडून विचारलं, की सुस्काऱ्यांचे गुण कापले जातात का. "नाही," वहिनी म्हणाल्या, "पण ऐकणाऱ्याचं मन खचतं. तुम्हीच बघा." पुढच्या फोनमध्ये त्यानं सुस्कारा अर्ध्यावर गिळला आणि त्याला उचकी लागली. खोकल्यानं आप्पांच्या गुडघ्याची चौकशी केली; ऑपरेशन झालेला गुडघा उजवा की डावा, जिना चढताना दुखतो का, सगळं. आप्पांनी यंत्र कानातच ठेवून लांबून ऐकलं आणि म्हणाले, "माणूस वाईट नाही हो. डॉक्टरनं एवढं विचारलं नव्हतं."

खेकश्याला मात्र जमेना. त्यानं प्रयत्न केला नाही असं नाही.

"नमस्कार!" तो खेकसला.

"नमस्कार," वहिनी म्हणाल्या.

"जेवलात काय?"

"जेवले. तुम्ही?"

"मी नाही जेवलो! पैसे कधी देताय?"

"इथं घसरलात बघा," वहिनी म्हणाल्या. "चांगली सुरुवात केली होती. चौथा नंबर."

कारागीर दुकानात बसून हे ऐकायचा आणि आतल्या आत गुदगुल्या झाल्यासारखा हसायचा. गल्लीतल्या शिंप्याला, किराणावाल्याला त्यानं हे रंगवून सांगितलं. शिंपी म्हणाला, "वहिनी म्हणजे वाघीण हो." घरातही तेच. आप्पा म्हणायचे, माझी सून वकील व्हायची. बबडी मैत्रिणींना सांगायची, माझी आई वसुलीवाल्यांची शाळा घेते. सगळे इतकं कौतुक करत होते, की फोन वाजल्यावर उठून तो घेणं हे त्या कौतुकात कुणाला सुचलंच नाही.

नाही म्हणायला एक गोष्ट घडली. कारागिराच्या मनाला जरा टोचू लागलं. खिळे तोंडात होते, पण टोचत होते दुसरीकडेच. आपली बायको दिवसभर चौघांशी लढते, निदान एक फोन तरी कमी करावा. माळ्यावर वडिलांच्या वेळचं जुनं शिवणयंत्र पडलं होतं, ते त्यानं शिंप्याला विकलं. आलेल्या पैशात कुणाचं कर्ज फिटेल? मैनेचं. आणि खरं सांगायचं तर, पैसे भरायला फोन करावा लागणार, तो करण्याची हिंमत होईल अशी चौघांत एकटी मैनाच होती. फ्रिजच्या दारावर चुंबकानं लावलेल्या नोटिशीवरून त्यानं खात्याचा नंबर टिपला, शिंप्याच्या दुकानातून फोन केला, आणि पैसे भरून मोकळा झाला.

"खूप खूप आभारी आहे हं दादा," मैना म्हणाली. त्याला अगदी सोफ्यात बसल्यासारखं वाटलं.

त्या दिवसापासून मैनेचा फोन बंद झाला. कारागीर स्वतःशीच हसत फिरू लागला. आप्पाही हसत होते. बबडीही हसत होती. प्रत्येकाला वाटत होतं, आपण किती छान हसतोय, आणि इतर सगळे आपल्याला बघून हसतायत. फक्त वहिनी एकदा म्हणाल्या, "मैनेचा बरेच दिवसांत फोन नाही." आणि म्हणताना त्यासुद्धा हसल्या.

अशात खेकश्याचा फोन आला. तो खेकसला नाही. चौथ्या नंबरावर बसून बसून तो मेटाकुटीला आला असावा. "वहिनी," तो म्हणाला, आणि त्या एका शब्दात त्याचा घाम ऐकू आला. "साहेबांशी बोललो. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एकरकमी भरलेत, तर अर्ध्यात मिटवतो. नाही भरलेत तर सोमवारी मशीन न्यावी लागेल. हे मी ओरडून सांगत नाहीये. पण न्यावी लागेल."

मशीन गेली असती तर दुकानच गेलं असतं. जाड रेक्झिन हातानं शिवायला बसलं तर एका खुर्चीला आठवडा. कारागिराच्या तोंडातले खिळे या वेळी आपोआप बाहेर पडले.

वहिनींनी डोळे मिटून तोंडी हिशेब केला. डब्यातले पैसे. अधिक आप्पांच्या पेन्शनीतले, जे ते गादीखाली ठेवतात आणि घरात कुणालाच माहीत नाही असं समजतात. अधिक बबडीच्या शिकवण्यांचे. अधिक माळ्यावरचं यंत्र विकून येतील ते. "भागतंय!" त्या म्हणाल्या. "अगदी काठोकाठ, पण भागतंय." आणि फोनवर, "शुक्रवारी आणून देते. माझा शब्द."

फोन ठेवून त्या टेबलाशी आल्या आणि हात पसरला. "आणा सगळ्यांनी."

कुणी काही आणलं नाही.

आप्पांनी यंत्र पुसायला घेतलं. बबडी न्हाणीघराकडे निघाली. "बस खाली," वहिनी म्हणाल्या. "आप्पा, गादीखालचे."

"ते होय," आप्पा म्हणाले. "त्याचं असं आहे सूनबाई, की मी म्हटलं तुला एवढा त्रास, निदान एक फोन तरी कमी व्हावा. म्हणून त्या मैनेचे... पोरगी फार गोड बोलते गं."

"आजोबा!" बबडी ओरडली. "मैनेचे मी भरले!"

"तू?" कारागीर म्हणाला. "मग मी कुणाचे भरले?"

तिघांनीही वळून फ्रिजकडे पाहिलं. ज्याच्या हप्त्यांवरून हे सगळं चाललं होतं तो फ्रिज तेवढा निवांत घरघरत होता.

"तिनं तिघांचे घेतले?" बबडी म्हणाली. "आणि काही बोलली नाही?"

"बोलली ना," आप्पा म्हणाले. "आभारी आहे म्हणाली."

कारागिरानं वहिनींकडे पाहिलं. त्या आता काहीतरी जबरदस्त बोलतील असं त्याला वाटलं. पण वहिनी खुर्चीत हळूच बसल्या, आणि त्यांचा चेहरा चोरी सापडलेल्या मुलीसारखा झाला. "तिघांचे नाही," त्या म्हणाल्या. "चौघांचे. रांगेत पहिली तीच होती ना. मी आधीच भरले. घरखर्चातले वाचवून. म्हटलं, तुम्हाला सांगून चकित करावं."

आप्पा चकित झाले होते, यात शंका नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शुक्रवार. वहिनी निघाल्या मैनेच्या एजन्सीत, चारही पावत्या घेऊन, आणि कारागीर निघाला त्यांच्याबरोबर. "तुम्ही कशाला?" त्या म्हणाल्या. "सोबत," तो म्हणाला. खरं कारण वेगळं होतं. ही बाई प्रत्यक्षात कशी लढते ते त्याला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

एजन्सी वरच्या मजल्यावर होती. पहिल्या जिन्याच्या वळणावर वहिनी थांबल्या. कठड्याला धरून उभ्या राहिल्या, मग पायरीवर बसल्या.

"काय झालं गं?"

"काही नाही. चप्पल चावतेय."

कारागिरानं चपलेकडे पाहिलं. कित्येक वर्षांची जुनी, पायापेक्षा सैल झालेली चप्पल. ज्या माणसाला कापडाचा ताण नुसत्या नजरेनं कळतो, त्याला चप्पल कुणाला चावते आणि कुणाला नाही हे कळतं. मग त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं. पावत्यांचा कागद सळसळत होता, आणि जिन्यात वारा नव्हता. सवयीनं त्याचा हात खिळ्यांसाठी खिशाकडे गेला, पण खिळे घरी राहिले होते. त्या उठल्या, पदराचं टोक नीट खोचलं, आणि दार ढकलून आत गेल्या. आत गेल्या तेव्हा त्या पुन्हा गल्लीतल्या वाघीण होत्या.

खोलीत भिंतीशी खुर्च्यांची रांग होती. सगळ्या फाटलेल्या, आतला फोम जीभ काढल्यासारखा बाहेर. कारागिराला बघवेना. खुर्च्यांवर पैसे भरायला आलेले लोक बसले होते: एक न्हावी, गणवेशातली एक नर्स, एक म्हातारं जोडपं. आणि काचेमागे मैना होती. गळा पोरीचा, पण केस पांढरे, नाकाच्या टोकावर चष्मा, आणि पुढ्यात नातवासाठी विणायला घेतलेलं टोपडं.

"अगंबाई, वहिनी तुम्ही! किती बरं वाटलं!" मैना म्हणाली. पावत्या पाहून ती आणखी गोड झाली. "अगदी बरोबर आहे तुमचं. जास्तीच आलेत. परत मिळणारच."

"द्या मग."

"ते साहेब देतात. साहेब जेवायला गेलेत."

भिंतीवरचं घड्याळ अजून जेवणापासून फार लांब होतं. दाराच्या फटीतून साहेब दिसत होता, तरुण, टाय घातलेला. वहिनींचा आवाज ऐकताच त्यानं घाईघाईनं कानांवर हेडफोन चढवले. कारागिराला एकदम घरची आठवण आली.

"जेवू दे बिचाऱ्याला," वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडेही फोन आला की सगळ्यांना अशीच भूक लागायची, आंघोळ सुचायची. थांबते मी."

थोड्या वेळानं साहेब मीटिंगमध्ये गेला, त्याच खुर्चीत बसून. मग हेड ऑफिसची मंजुरी यायची राहिली. मग कॉम्प्युटर बंद पडला. वहिनी प्रत्येक कारणाला जुनी मैत्रीण भेटल्यासारख्या मान हलवत होत्या. "कॉम्प्युटर बंद हे चांगलं आहे," त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "हे आपल्याला सुचलं नव्हतं." मग मैनेला म्हणाल्या, "लवकरच मिळतील असं नको हो. तारीख सांगा. तारीख सांगितली की मन हलकं होतं, हे मला तुम्हीच शिकवलंत. आज पूर्ण जमत नसेल तर निम्मे द्या, उरलेल्याचा हप्ता बांधून घेऊ. तुमची अडचण मी समजते."

मैनेचे टाके चुकले. हे सगळं तिचंच बोलणं होतं, तिच्याच चालीत.

"उद्या या ना वहिनी."

"येते की. उद्या येते, परवा येते. इथं काही वाईट नाही, माणसं आहेत." आणि वहिनी शेजारच्या न्हाव्याकडे वळल्या. खास काही मनात नव्हतं, केवळ गप्पा म्हणून. "तुम्ही बघितल्या का हो तुमच्या पावत्या? एकदा बघून घ्या. आमचे चार वेळा भरले गेले. यांनी घेतले. आभारी आहे म्हणाल्या."

न्हाव्यानं खिशातून पावत्या काढल्या. नर्सनं पर्स उघडली. म्हाताऱ्यानं म्हातारीला विचारलं, "आपण मार्चचे दोनदा भरले होते का गं?" "मी तेव्हाच म्हटलं होतं तुम्हाला," म्हातारी म्हणाली, "पण माझं कोण ऐकतंय!" न्हावी उठून काचेपाशी गेला, नर्स त्याच्या मागे. दारातून नवीन दोघं आले, त्यांनी विचारलं काय झालं, आणि न्हाव्यानं त्यांना सांगितलं, तेही चारऐवजी सहा वेळा करून.

साहेब हेडफोन गळ्यात लोंबकळत बाहेर आला. "ताई, आत या ना, आत बसून बोलू."

"इथं बरं आहे," वहिनी म्हणाल्या. "इथं उजेड आहे."

कॉम्प्युटर सुरू झाला. मंजुरी आली. हेड ऑफिस, जे इतका वेळ कुठं तरी सातासमुद्रापार होतं, ते शेजारच्या कपाटात निघालं. पैसे मोजून वहिनींच्या हातावर ठेवताना साहेबानं खालच्या आवाजात विचारलं, "आमच्याकडे नोकरी कराल का? वसुलीला?"

"नको," वहिनी म्हणाल्या. "मला एवढं गोड बोलता येत नाही."

खेकश्याचं ऑफिस बंद व्हायच्या आत दोघं तिथं पोचले. हा राक्षसासारखा असेल अशी कारागिराची समजूत होती. टेबलामागे एक किरकोळ, लाजरा माणूस बसला होता. वहिनी समोर आल्यावर तो उठून उभा राहिला. "बसा!" तो खेकसला. "पाणी घेणार?" हेही तो खेकसलाच, त्याचा आवाजच तसा होता, बिचाऱ्याचा. पैसे मोजून घेऊन त्यानं कर्ज मिटल्याच्या पत्रावर शिक्का मारला, आणि दारापर्यंत सोडायला आला.

"वहिनी, आता माझा नंबर कितवा?"

"तुम्ही सुटलात. रांगेतूनच गेलात."

"म्हणजे आता फोन नाही करायचा," तो म्हणाला. हे मात्र त्याला खेकसता आलं नाही.

घरी आप्पा आणि बबडी दारातच उभे होते. कारागिरानं दोन्ही ऑफिसांची गोष्ट नक्कल करून सांगितली, साहेबाचा हेडफोन, म्हाताऱ्याचा मार्च, सगळं. आप्पा हसून हसून रडकुंडीला आले. बबडीनं चहा केला. पडद्याला हात पुसत शिंपीही आत येऊन ऐकून गेला. मशीन दुकानात आपल्या जागी होती.

"माझ्या सुनेला भीती म्हणून काय असते ते ठाऊकच नाही," आप्पा म्हणाले. "देवानं हिच्यात तो भागच घातला नाही."

"उरले दोघं," बबडी म्हणाली. "खोकल्या आणि सुस्कारे. आईपुढे काय टिकणार! आई, तू सोमवारी त्यांनाही बघून घे ना."

"बघते," वहिनी हसून म्हणाल्या. कपाभोवती त्यांनी दोन्ही हात गच्च धरले होते.

कारागिरानं ते हात पाहिले. चहा गरम होता, असा कुणी कप धरत नाही. त्याला जिन्याचं वळण आठवलं, आणि वारा नसताना सळसळणारा कागद. कौतुक करायला त्याच्या तोंडात आजही पुष्कळ शब्द तयार होते. ते त्यानं गिळले.

"मला भीती वाटते," तो म्हणाला.

"कशाची?" आप्पांनी विचारलं.

"फोनची. पहिल्या दिवसापासून. तो वाजला की मनात येतं, काय विचारतील, आपल्याला काय बोलता येईल. म्हणून मी खिळे तोंडात घालतो. काम नसलं तरी घालतो." तो थांबला, एवढं सलग बोलायची त्याला सवय नव्हती. "आणि मी एकटाच नाही. आप्पा, तुमचं यंत्र काही एवढं घाण होत नाही. बबडे, तूही एवढी मळत नाहीस. आपण सगळे घाबरतो, म्हणून हिला पुढे करतो. आणि वर शूर शूर म्हणतो, म्हणजे हिला मागे फिरायला जागाच राहत नाही."

आप्पांनी मान खाली घातली. बबडीचे कान लाल झाले.

वहिनींनी कप खाली ठेवला. आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे, मग लेकीकडे, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांचे खांदे एकदम खाली आले.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "आणि मी इतके दिवस समजत होते, या घरात मी एकटीच घाबरट आहे!"